पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच का मरतं? घरच्या इनक्युबेटरमधला बिघाड कसा शोधायचा

तक्रार सगळीकडून तीच येते. चौदाव्या दिवशी टॉर्च लावली तर अंड्यात हालचाल दिसते, अठराव्या दिवशी अंडं काळंभोर भरलेलं असतं, आणि एकविसाव्या दिवशी बारातली चार-पाचच पिल्लं बाहेर येतात. उरलेल्यांतली काही कवचाला टोच मारून तशीच गप्प होतात, काही टोचही मारत नाहीत. फोडून पाहावं तर आत पिसांसकट तयार पिल्लू. मग पुढची खेप लावताना पाण्याची आणखी एक वाटी ठेवली जाते आणि निकाल पहिल्यापेक्षा वाईट लागतो.

ती जादा वाटी अकोल्यात एप्रिलमध्ये बरोबर असते आणि रत्नागिरीत जुलैमध्ये घातक. घरच्या खेपा बिघडण्यात ओलाव्याचा हात फार मोठा असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. त्यामुळे कुणाचा तरी आकडा उचलून आपल्या पेटीला लावण्यात अर्थ नाही. आपल्या अंड्यांकडूनच उत्तर काढायचं असतं, आणि ते काढता येतं.

न फुटलेली अंडी फेकू नका, फोडा

तेवीस दिवस पूर्ण झाले की उरलेली अंडी अंगणात नेऊन, बोथट टोकाकडून एकेक फोडा. नाकाला रुमाल बांधा, कारण एखादं कुजलेलं निघणारच. प्रत्येक अंड्यावर आधीच पेन्सिलीने क्रमांक घातलेला असला तर उत्तम. वहीत एवढंच लिहायचं: पिल्लू कितव्या दिवशी मेलं आणि आत ओलं होतं की कोरडं.

दिवस ओळखणं अवघड नाही. पिवळ्या बलकाभोवती नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर मरण तिसऱ्या ते पाचव्या दिवसातलं. काळा डोळा दिसतो पण पिसांचा पत्ता नाही, तर साधारण पाच ते दहा. अंगावर लव आहे पण बलक अजून पोटाबाहेर मोठा लोंबतोय, तर तेरा ते अठरा. बलक अर्धा किंवा पूर्ण पोटात गेलाय, तर एकोणीस किंवा त्यानंतर. आणि चोच बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत घुसलेली असेल तर पिल्लाने श्वास घ्यायला सुरुवात केली होती, म्हणजे विसावा दिवस.

बहुतेक अंडी पहिल्या आठवड्यातच मेली असतील तर ओलाव्याचा विचार सोडून द्या. दोष अंड्यांच्या साठवणुकीत, वाहतुकीत किंवा सुरुवातीच्या जास्त तापमानात आहे. मधल्या आठवड्यातली मरतूक सहसा कमी असते. ती वाढली तर लांबलेली वीजबंद किंवा कोंबड्यांचा खुराक तपासा. नुसत्या ज्वारी-कण्यांवर जगणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात जीवनसत्त्वं कमी पडतात, विशेषतः रायबोफ्लेविन, आणि पिल्लू मध्येच मरतं. अंडी गोळा करायच्या आधी दोन-तीन आठवडे कोंबड्यांना लेअर खाद्य (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), लसूणघास किंवा शेवग्याचा पाला आणि शिंपल्यांचा चुरा द्या.

शेवटच्या तीन दिवसांत मेलेल्यांमध्ये मात्र ओलं की कोरडं हे बारकाईने पाहा.

पिल्लू सुजल्यासारखं, मान जाड, आत चिकट पाणी, हवेची पोकळी लहान: अठरा दिवसांत अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही. ओलावा जास्त होता. अशा पिल्लाला वळायला जागा मिळत नाही आणि पहिला श्वास घेताना नाकात पाणी जातं.

पिल्लू लहान, आतला पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला घट्ट चिकटलेला, हवेची पोकळी अवाढव्य: ओलावा कमी पडला, किंवा शेवटच्या दिवशी झाकण वारंवार उघडलं गेलं. दोन्हींत फरक असा, की सगळ्याच अंड्यांत पोकळी मोठी असेल तर आधीचे अठरा दिवस कोरडे गेले. पोकळी ठीक आहे आणि टोच मारलेल्या अंड्यांचाच पापुद्रा वाळलाय, तर झाकणाचा दोष.

डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडं उलटं ठेवलं गेलं होतं. बोथट टोक वर किंवा अंडं आडवं, या दोनच अवस्था चालतात.

थर्मामीटरवर विश्वास ठेवण्याआधी

पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९, कारण तशा पेटीत वर गरम आणि खाली थंड असे थर तयार होतात. इथवर सगळ्यांना पाठ असतं. प्रश्न हा, की पेटीवरचा ३७.५ खरोखर ३७.५ आहे का. बल्ब चालू-बंद करून तापमान सांभाळणाऱ्या स्वस्त कंट्रोलरचा सेन्सर अर्धा-एक अंश चुकीचा निघणं अगदी नेहमीचं, आणि एकवीस दिवस एक अंश ही मोठी चूक आहे.

तपासणी घरीच होते. दोनेक लिटरच्या भांड्यात साधारण ३८ अंशांचं कोमट पाणी घ्या. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि कंट्रोलरचा सेन्सर दोन्ही एकमेकांना चिकटवून पाण्यात धरा आणि पाणी हलवत राहा. तापाचा थर्मामीटर चढलेला सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून भांडं मोठं हवं. छोट्या कपातलं पाणी मोजेपर्यंत थंड होतं आणि तुलना फसते. बीप वाजताच दोन्ही आकडे वाचा. तापाचा ३७.६ आणि कंट्रोलर ३८.४ दाखवत असेल तर कंट्रोलर ०.८ जास्त दाखवतोय.

घरगुती पेट्यांत कंट्रोलर म्हणून बहुधा डब्ल्यू-१२०९ हे बारा व्होल्टचं सर्किट असतं. त्याच्या पी-४ या सेटिंगमध्ये ही दुरुस्ती टाकता येते, वरच्या उदाहरणात उणे ०.८. पी-० वर एच (गरम करणं) ठेवा, नाहीतर गरम झाल्यावर बल्ब लागेल. पी-१ म्हणजे चालू-बंद यांमधला फरक. तो कारखान्यातून २ अंशांवर येतो, आणि तसाच राहिला तर पेटी ३५.५ ते ३७.५ अशी झोके घेत राहते. सरासरी घसरते आणि पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी, मऊ फुगलेल्या पोटाने येतात. पी-१ साधारण ०.३ ठेवा. त्याहून कमी केल्यास बल्ब चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे रिले, सतत टकटकतो आणि त्याचे संपर्कबिंदू लवकर जळतात.

सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, बल्बच्या थेट उजेडात येणार नाही असा टांगा. बल्ब आणि अंडी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर जवळच्या रांगेतली अंडी भाजतात आणि सेन्सरला पत्ताही लागत नाही. एकदा रिकामी पेटी चार तास चालवून चारही कोपऱ्यांत तापमान घ्या. कोपऱ्या-कोपऱ्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर पंख्याची दिशा बदला, आणि तोवर रोज अंड्यांच्या जागा फिरवा.

एका मोठ्या बल्बऐवजी ४० वॅटचे दोन साधे बल्ब समांतर जोडा, म्हणजे रात्री एक उडाला तरी पेटी पूर्ण थंड होत नाही. एलईडी पुरेशी उष्णता देत नाही, ती इथे कामाची नाही. पंख्याचं म्हणाल तर संगणकाचा ८० मिलिमीटरचा बारा व्होल्टचा पंखा पुरतो, पण तो बंद पडला की खालची अंडी थंड आणि वरची शिजलेली, अशी गत होते. जास्तीचा एक पंखा घरात असू द्या.

निकालावरूनही तापमान कळतं. पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच धडाधड आली, बेंबी नीट मिटलेली नाही, रक्ताचे डाग आहेत, तर तापमान जास्त होतं. उशिरा आली, सुस्त आणि पोटं मोठी, तर कमी. जास्त तापमान कमीपेक्षा कितीतरी पटीने घातक असतं. अंड्याचं तापमान ३५ अंशांवर तासभर उतरलं तर फारसं बिघडत नाही, पण ४०.५ च्या वर ते काही तास राहिलं की खेप गेली.

इथे विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा एक मुद्दा हमखास सुटतो. कंट्रोलर पेटी गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ अंश असतील तर बल्ब बंद असूनही पेटी चाळिशी ओलांडते. एप्रिल-मे महिन्यांत पेटी माळ्यावर किंवा पत्र्याखाली नको. मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची, दिवसा ३४-३५ च्या वर न जाणारी खोली शोधा. ती नसेल तर मृग लागेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

ओलावा: हवेचा हिशेब

पुस्तकी नियम असा: पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पण पेटीतला ओलावा तुम्ही ठेवलेल्या वाटीवर जितका ठरतो तितकाच बाहेरच्या हवेवर ठरतो. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि टक्का उतरतो.

कोकणात जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ९० टक्के ओलावा असेल तर तीच हवा पेटीत ३७.५ ला तापल्यावर साधारण ५० टक्के होते. म्हणजे एक थेंब पाणी न ठेवता नियम पाळला जातो. वर एक वाटी ठेवली की ६५, दोन ठेवल्या की ७५, आणि अठरा दिवसांनी अंडी पाण्याने भरलेली. उलट पुण्यात जानेवारीच्या दुपारी २५ अंश आणि ३५ टक्के हवा पेटीत गेल्यावर जेमतेम १७ टक्के उरते. अकोल्याच्या एप्रिलमध्ये ४० अंश आणि १८ टक्के असेल तर पेटीत २० च्या आसपास. तिथे दोन वाट्याही अपुऱ्या पडतात.

ओलावामापकाचीही परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ आणि थोडं पाणी कालवून ओला लगदा करा, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मापक एका घट्ट बंद डब्यात दहा-बारा तास ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवेत. ६८ दाखवले तर तो ७ कमी दाखवतो, तेवढी बेरीज लक्षात ठेवायची.

मात्र खरा न्याय मापक करत नाही, वजनकाटा करतो. कोंबडीचं अंडं अठराव्या दिवसापर्यंत आपल्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी गमावतं. ११ ते १४ चालतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा यासाठी पुरे. बारा गावरान अंडी, सरासरी ४५ ग्रॅमची, म्हणजे ५४० ग्रॅम. ती सहाव्या दिवशी ५१८ च्या आसपास, बाराव्या दिवशी ४९७ आणि अठराव्या दिवशी ४७५ यायला हवीत. सातव्या दिवशी रिकामी अंडी काढून टाकली तर हिशेब बदलतो, म्हणून सुरुवातीला प्रत्येक अंड्याचं वजन कवचावरच लिहून ठेवणं सोयीचं.

बाराव्या दिवशी घट अवघी पाच टक्के दिसली तर पाणी पूर्ण काढा आणि हवेची भोकं मोठी करा. उरलेल्या सहा दिवसांत बरंच भरून निघतं. घट दहाच्या पुढे गेली असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. वाटी खोल करून काही होत नाही, बाष्प वरच्या पसरट तोंडातून निघतं. ताटली, तीत उभा केलेला स्पंज किंवा टेरीचं फडकं. भरताना पाणी कोमट घ्या, गार पाणी पेटीचं तापमान खाली ओढतं.

अठरा ते एकवीस: हात आवरा

अठराव्या दिवशी अंडी उलटसुलट फिरवणं बंद. अंडी आडवी ठेवा, खाली जाळी किंवा खडबडीत कापड घाला, पाणी वाढवून ओलावा ६५ च्या वर न्या आणि झाकण लावा. आता झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की बाष्प काही सेकंदांत निघून जातं आणि परत यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात टोच मारलेल्या अंड्याचा पापुद्रा वाळतो. पाणी घालायचंच तर भोकातून सलाइनची नळी आत सोडून बाहेरून ओता.

ओलावा टिकवायला भोकं बुजवणारे बरेच असतात. तसं करू नका. या दिवसांत पिल्लांना प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो. बंद थर्माकोलच्या पेटीत पूर्ण वाढलेली पिल्लं टोच मारल्यावर गुदमरतात, आणि फोडल्यावर त्यांच्यात ओलं-कोरडं असं काहीच सापडत नाही. सगळं नीट दिसूनही मेली असतील तर संशय हवेवर घ्या.

पहिली टोच दिसल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मधे ते तासन्‌तास स्वस्थ असतं. तेव्हा ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत घेत असतं. याच वेळी माणसाला राहवत नाही आणि तो नखाने कवच सोलतो. शिर फुटते, रक्त येतं, पिल्लू मरतं.

मदत करायचीच झाली तर टोच मारून चोवीस तास पूर्ण उलटल्यावर आणि पिल्लू चिवचिवत असेल तरच. बोथट टोकाकडून, हवेच्या पोकळीवरचं कवच थोडं काढा. आतला पापुद्रा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ओला केला की तो पारदर्शक होतो. लाल शिरा दिसल्या तर लगेच थांबा, अंडं परत आत ठेवा, सहा तासांनी पुन्हा पाहा. शिरा दिसत नसतील तर चोचीपासून सुरू करून फक्त डोकं मोकळं करा. उरलेलं पिल्लाला करू द्या. ज्यांना पूर्ण सोलून काढावं लागतं त्यांतली बरीच पुढे आठवडाभरात जातात.

बाहेर आलेली पिल्लं सुकून फुलेपर्यंत आतच राहू द्या. पोटातला बलक त्यांना दोन-तीन दिवस पुरतो, चोवीस तास आत राहिल्याने ती उपाशी पडत नाहीत.

वीज गेली तर

पहिल्या पंधरवड्यात दोन-चार तासांची बंद अंडी सोसतात. भोकं अर्धी बुजवा, पेटीवर गोधडी टाका, उघडून पाहू नका. त्याहून लांबली तर ४० अंशांच्या पाण्याच्या बाटल्या कडेला ठेवा, अंड्यांना टेकवून नव्हे. अठराव्या दिवसानंतर मात्र भोकं उघडीच ठेवा. मोठी झालेली पिल्लं स्वतः उष्णता देतात, त्यांना उबेपेक्षा हवेची गरज जास्त.

दोन गोष्टी आधीच ठरवता येतात. तुमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायचा वार ठरलेला असेल तर विसावा आणि एकविसावा दिवस त्या वारावर येणार नाही अशा बेताने अंडी लावा. आणि शेतातली पेटी कृषिपंपाच्या फिडरवर चालवू नका, तिथे दिवसाकाठी आठ-दहा तासच वीज असते. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ८० वॅटचे बल्ब आरामात चालतात.

अंडीच चुकीची असली तर

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लं येत नाहीत, लेअर फार्मवर कोंबडा नसतोच. गावरान कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. नवा कोंबडा सोडल्यावर आठवडाभराने अंडी गोळा करा.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. साठवणीला १५ ते १८ अंश उत्तम. फ्रिज त्याहून फार थंड असतो, आणि उन्हाळ्यातली खोली फार गरम. पस्तीस अंशांच्या खोलीत अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि पेटीत जाईपर्यंत खंगतो. सातव्या दिवशी रक्ताची कडी जास्त दिसण्याचं उन्हाळ्यात हे नेहमीचं कारण. जुना उपाय चांगला आहे: परातीत ओली वाळू, तीत अर्धा गाडलेला मातीचा माठ, आत कापडावर निमुळतं टोक खाली करून अंडी. वाळू दिवसातून दोनदा भिजवा.

एसटीने किंवा दुचाकीवरून आलेली अंडी लगेच लावू नका. बोथट टोक वर करून बारा ते चोवीस तास ठेवा, हवेची पोकळी जागेवर येते. फार मळलेली, तडकलेली, वेडीवाकडी बाजूला काढा. धुवू नका, धुतल्याने कवचावरचं संरक्षक आवरण जातं आणि जंतूंना वाट मिळते. शेणाचा सुका डाग बारीक सँडपेपरने खरवडा.

आणखी एक. गिरिराज, वनराज ही संकरित वाणं. त्यांची अंडी फुटतात, पण पिल्लं आईबापांसारखी निघत नाहीत. तीच हवी असतील तर सरकारी अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणणं सरळ.

फिरवण्याबद्दल थोडक्यात: हाताने फिरवत असाल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. विषम वेळा फिरवल्यावर रात्रीचा लांब काळ दर दिवशी वेगळ्या बाजूवर जातो. पहिल्या आठवड्यात फिरवणं चुकलं तर त्याचा फटका शेवटी, चुकीच्या स्थितीत अडकलेल्या पिल्लांच्या रूपाने दिसतो.

पहिली खेप चांगली, नंतर दर खेपेला घसरण

ही तक्रार वेगळीच आहे आणि तिचं उत्तर सहसा थर्माकोलमध्ये असतं. त्याच्या छिद्रांत पिल्लांची लव, विष्ठा, फुटलेल्या अंड्याचा रस मुरतो. ३७.५ अंश आणि दमट हवा, जंतूंना याहून काय हवं! लक्षणं: अंड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब, वास, आणि बाहेर आलेल्या पिल्लांची बेंबी लाल, ओली, पोट निळसर. अशी पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत जातात.

वास येणारं अंडं तात्काळ, अलगद बाहेर काढा. ते आत फुटलं तर सगळी खेप बाधित होते. प्रत्येक खेपेनंतर जाळ्या-ताटल्या साबणाने धुवा, पातळ ब्लीच फिरवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. थर्माकोलला आतून जाड प्लॅस्टिकचा कागद लावा आणि दर खेपेला तो बदला. फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी मोठ्या हॅचरीत देतात. घरात तिच्या नादी लागू नका, तो वायू विषारी आहे.

बाहेर आल्यावरचा पहिला आठवडा

इथल्या मरतुकीची कारणं थोडी आणि ठळक असतात. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या खोक्यात, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच नीट सांगतात: बल्बखाली ढीग केला तर गारठलीत, कडेला पसरून चोची उघडल्या तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला गेली तर समोरून झोत येतोय. उन्हाळ्यात दिवसा बल्ब लागतच नाही, पहाटे मात्र लागतो. ढिगाखाली चेंगरून मरण्याचे प्रकार पहाटेचेच.

पाय फाकलेली पिल्लं दिसली तर खाली गुळगुळीत वर्तमानपत्र आहे का ते पाहा. तुसावर गोणपाट किंवा खडबडीत कापड घाला. फाकलेले पाय पहिल्या दोन-तीन दिवसांत सुती पट्टीने, मधे साधारण अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून बांधले तर तीन-चार दिवसांत सरळ होतात. आठवडा उलटल्यावर उपाय चालत नाही.

मागच्या बाजूला विष्ठा चिकटून घट्ट झाली तर पिल्लू फुगून मरतं. कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका, आणि थोडं खोबरेल लावा. सतत गुळाचं पाणी देणं, उष्णता कमी-जास्त होणं ही त्याची कारणं. प्रवासातून आलेल्या पिल्लांना लिटरमागे ५० ग्रॅम गूळ पहिले काही तास ठीक, नंतर साधं पाणी. पाण्याच्या ताटलीत गारगोट्या टाका, नाहीतर बुडतात.

पहिल्या दिवशी मक्याची भरड, त्यानंतर २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. नुसती तांदळाची कणी खाऊन वाढलेल्या पिल्लांचे पाय लुळे पडतात आणि पिसं उशिरा येतात.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि मिसळल्यावर बर्फात ठेवून दोन तासांत संपवावी लागते. वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी लस दिली तर कुपी वाया जात नाही. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या रोगाची लस, अठ्ठाविसाव्याच्या आसपास लासोटा पुन्हा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसींची उपलब्धता आधी विचारून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लं पंख पाडून बसली, विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, आणि मूळ ओल्या तुसात आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा. औषध म्हणून २० टक्के अँप्रोलियमची पूड लिटरमागे १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस, दुसरं पाणी न देता. मात्रा पशुवैद्यकाला एकदा दाखवून घ्या, कारण बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेच्या पुड्या मिळतात. औषध चालू असताना तूस तसंच ओलं राहिलं तर पाकीट संपल्यावर आठवड्यात हगवण परत येते.